तारीख आली की तुमच्या घरात काय निघतं? (अनुभव धागा)

एक नोव्हेंबर जवळ आलाय म्हणून धागा काढालोय. 1956 साली त्या दिवशी बेळगाव, खानापूर, निपाणी हा सगळा पट्टा म्हैसूर राज्यात (म्हणजे आताच्या कर्नाटकात) गेला हे इथल्या पोरासोरांना पण पाठ आहे, तो इतिहास परत नको. त्या दिवशी तुमच्या घरात काय होतं ते लिहा. गेल्या शतकातली दुसरी कुठलीपण तारीख चालेल, फक्त ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून सांगा, उगाच आपण तिथं उभं होतो असं नको.

मीच सुरू करतो. शहापूर. एक नोव्हेंबरला इथले मराठी लोक काळा दिन पाळतात, त्या दिवशी आमचं दुकान बंद, बाबा काळा शर्ट घालून संभाजी उद्यानाकडं, तिथनं सायकल फेरी. आणि संध्याकाळी चन्नम्मा चौकात कर्नाटकाच्या राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, डॉल्बी. धाकट्या भावाला ती मिरवणूक बघायचीच असायची. आई त्याला शेजारच्या कन्नड अक्कांबरोबर गुपचूप पाठवायची, बाबांना कळत नव्हतं असं नाही, खरं कुणी विषय काढत नव्हतं.

लोंढा :
आमच्यात 19 डिसेंबर, 1961, गोवा पोर्तुगीजांकडनं सुटला तो दिवस. आजोबा रेल्वेत गँगमन. गोव्यात शिरायच्या आधी बेळगाव भागात फौज जमाली होती, मिलिटरीच्या गाड्या पुढं काढायच्या म्हणून त्यांना घरी यायलाच मिळालं नाही म्हणायचे. सांबऱ्याच्या विमानतळावरनं हंटर विमानं उडाली ती बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवायला, हे आम्हाला पुढं वाचून कळलं. त्यांच्या गोष्टीत विमान नाहीच, चहा मिळाला नाही हेच जास्त. आज्जीचं माहेर कॅसलरॉक. तिथल्या जंगलातनं गोव्यासाठी चोरून रेडिओ चालायचा, लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई बोलायचे, आणि आज्जीला त्याचा पत्ताच नव्हता! गाव एवढंसं असून.

निपाणी :
6 एप्रिल, 1981. हे ऐकीव नाही, मी दहावीला होतो. तंबाखूला दर मिळावा म्हणून शेतकरी हायवेवरच बसलेले, पुणे-बेंगलोर रस्ता अडवून, शरद जोशी आलेले. गावागावातनं भाकऱ्यांची गाठोडी जायची, आमच्यातनं पण, आणि आई भाकरी थापताना व्यापाऱ्याला शिव्या घालायची, कारण वखारीत माल गेला की दर तो सांगेल तोच, वर कडता (व्यापारी मालात धरायचा ती कपात) आणि वजनातली खोट वेगळीच. रस्त्यावर चुली, रात्री भजन, जत्राच म्हणा की. मग गोळीबार झाला. माणसं गेली. वडील संध्याकाळी उसातनं चालत आले, एक पायताण नव्हतं, आणि जेवले नाहीत. दर सहा एप्रिलला हार घालायला जायचे, पुढारी येवोत न येवोत. भाषेवरनं भांडणारी गावं तेव्हा एकाच रस्त्यावर झोपली होती, कानडी-मराठी दोन्ही, हे लोक सांगत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिलं.

टिळकवाडी :
1924 च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच अधिवेशनाला. पाण्यासाठी विहीर खणली ती काँग्रेस विहीर अजून आहे. आमचे पणजोबा तिथं स्वयंसेवक होते म्हणे. बेळगावातल्या निम्म्या घरातले पणजोबा तिथं स्वयंसेवक होते, त्यामुळं मी जास्त ताणत नाही.

चिक्कोडीजवळ :
11 डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप. पहाटे मांडणीवरची भांडी खाली. आजोबा आधी गोठ्याकडं पळाले, आज्जी हे त्यांना मरेपर्यंत ऐकवायची.

हिंडलगा :
1 जून 1986. कन्नड सक्तीविरोधातलं आंदोलन, इथं गोळीबार झाला, हुतात्मा स्मारक आहे. मी लहान होते. दारं लावून आम्हा पोरांना माळ्यावर बसवलेलं तेवढं आठवतं, आणि माळ्यावर गुळाची ढेप होती ती आम्ही बरीच संपवली. एक जूनला स्मारकावर गेले की मला लाज वाटते, मला आधी गूळच आठवतो.

वडगाव :
17 जानेवारीचं कुणीच लिहिलं नाही की! 1956 ची. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राकडं ठेवायची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी बेळगाव पेटलं, गोळीबार, त्यावरनं हुतात्मा चौक. आमच्या आत्यांना सगळं माहीत आहे, त्या तेव्हा तेरा-चौदाच्या. रविवारी जाऊन विचारतो आणि इथंच टाकतो, खरं त्या एकदा सुरू झाल्या की जेवणाशिवाय सोडत नाहीत, तेव्हा उशीर झाला तर समजून घ्या.