कॅलिगरी ते ब्लू एंजल: श्रेय निर्माता एरिक पॉमरचं की दिग्दर्शकांचं?

रीळवाला
जर्मन मूकपटांचा विषय निघाला की मुर्नाऊ, फ्रिट्झ लांग, वीने ही दिग्दर्शकांची नावं हमखास येतात. एरिक पॉमरला (१८८९-१९६६) कुणी विचारत नाही. 'कॅलिगरी' (१९२०), 'द लास्ट लाफ' (१९२४), 'मेट्रोपोलिस' (१९२७), 'ब्लू एंजल' (१९३०). दिग्दर्शक चार, निर्माता एकच! माझ्या मते त्या दशकाचा खरा कर्ताकरविता तोच. 'लास्ट लाफ'साठी छायालेखक कार्ल फ्रॉइंड छातीला कॅमेरा बांधून सेटवर फिरला. असले उद्योग सोसणारा निर्माता आधी लागतो. पैशात हॉलिवूडशी बरोबरी अशक्य, तेव्हा दिसण्यातच वेगळं काही द्यायचं, हा हिशेब पॉमरचा होता.

तिरपा कोन
कॅलिगरीचं श्रेय त्याच्या पदरात घालू नका. त्या चित्रपटाची जन्मकथा लेखक यानोविट्झने एक सांगितली, पॉमरने दुसरी, नेपथ्यकार वार्मने तिसरी. ज्याच्या त्याच्या कथेत शहाणा तोच! वाकड्या भिंती आणि कापडावर रंगवलेल्या सावल्या वार्म, रायमान आणि र्‍योरिग या तिघांच्या. काम स्वस्तात होत होतं, म्हणून निर्मात्याने मान डोलावली असणार. त्याला दूरदृष्टी कशाला म्हणायचं?

जमाखर्च
तिरपा कोन, +१. आता मेट्रोपोलिसचं बोला. अंदाज होता सुमारे १५ लाख मार्कांचा, खर्च गेला ५० लाखांच्या वर. अंथरूण पाहून पाय पसरणं पॉमरला माहीतच नव्हतं. डिसेंबर १९२५ मध्ये त्याच्या उफा या जर्मन चित्रपट कंपनीने हॉलिवूडच्या पॅरामाउंट आणि मेट्रोकडून ४० लाख डॉलरचं कर्ज उचललं आणि बदल्यात आपल्याच थिएटरांचे पडदे अमेरिकन चित्रपटांना मोकळे करून दिले. १९२६ च्या सुरुवातीला पॉमर बाहेर. दिग्दर्शक लांगचं शूटिंग पुढे ऑक्टोबरपर्यंत चालूच! १९२७ मध्ये कंपनी वृत्तपत्रमालक हुगेनबर्गच्या घशात गेली. हाच गृहस्थ पुढे हिटलरच्या पहिल्या मंत्रिमंडळात बसला. उधळपट्टीची किंमत अशी मोजावी लागते.

रीळवाला
@जमाखर्च, सगळं खापर एकाच डोक्यावर? १९२३ पर्यंत महागाईने मार्कची माती झाली होती. त्यामुळे चित्रपट मार्कात स्वस्त बनायचा आणि परदेशात विकला की डॉलर-पौंड मिळायचे. चलन स्थिरावलं आणि हा फायदा एका फटक्यात गेला. उफाच्या वरच्या मंडळाचा अध्यक्ष डॉइश बँकेचा माणूस होता. त्याला हे कळत नव्हतं असं म्हणायचंय का? आणि पॉमर इतकाच उधळ्या होता, तर अमेरिकेतून परत आल्यावर त्याच उफाने त्याला पुन्हा काम का दिलं? 'ब्लू एंजल' जर्मन आणि इंग्रजीत एकाच वेळी चित्रित झाला. 'काँग्रेस डान्सेस'च्या (१९३१) तर तीन भाषांत आवृत्त्या निघाल्या. बोलपट आल्यावर परदेशी बाजार टिकवायचा हा उपाय होता.

मालाडकर
थोडं अवांतर. हिमांशू राय यांच्या 'प्रपंच पाश'मध्येही (१९२९) उफाचा पैसा होता. त्याचा दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन पुढे मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये आला आणि 'अछूत कन्या' (१९३६) त्यानेच केला. त्याच वर्षी तो नाझी पक्षाचा सभासदही झाला. पॉमरला मात्र ज्यू म्हणून जर्मनी सोडावी लागली. आमच्या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरचा हा इतिहास कितीजणांना माहीत आहे?

जमाखर्च
मालाडकर, माहिती उत्तम, पण धाग्याची गाडी बोरिवलीला नेऊ नका.
@रीळवाला, दुसऱ्या डावात त्याने पैसा मिळवून दिला, हे मान्य. तरी २९ मार्च १९३३ ला उफाच्या संचालकांनी ज्यू कर्मचाऱ्यांना काढायचा ठराव केला, त्यात पॉमरही गेला. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सचं चित्रपटवाल्यांपुढचं भाषण आदल्याच दिवशी झालं होतं. गल्ला भरणाऱ्यालाही चोवीस तासांत दार दाखवलं. उधळपट्टीवरचं माझं मत मात्र तेच.

तिरपा कोन
मला त्याचं १९४६ नंतरचं काम जास्त मोलाचं वाटतं. अमेरिकन लष्करी प्रशासनाचा चित्रपट अधिकारी म्हणून तो परतला. जर्मनीत कुणी चित्रपट काढायचा याचे परवाने आता त्याच्या खात्याच्या हातात. हॉलिवूडला तिथे फक्त बाजारपेठ हवी होती, याला स्टुडिओ पुन्हा उभे करायचे होते. दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. रीळवाला, यावर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. कॅलिगरीबाबत मात्र एक इंचही हटणार नाही.