चाळिशीत गिअरची गाडी: कोणती घ्यावी, कशी शिकावी?

उशिरा_सुचलेली
वय ४१, उंची पाच फूट एक इंच. सायकल झकास येते, मोटरसायकलवर आजवर फक्त मागे बसले आहे. बजेट एक जुनी १०० सीसी गाडी आणि एक चांगलं हेल्मेट, बस. त्यापुढे ताणणार नाही. महिनाभरात एकटीने ऑफिसला जाता यावं. नवरा शिकवायला तयार आहे, पण ओरडतो. गाडी कोणती बघू आणि सुरुवात कुठून करू?

हवा_कमी
जुन्याच्या फंदात पडू नका ताई. मी पडलो. घेताना इंजिन गोड वाजत होतं, महिन्यात पुढच्या फोर्कमधून तेल गळायला लागलं. नवी घ्या, एबीएसवाली घ्या, जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होत नाही.

किकमारके
बजेट वाचलंत का साहेब? ताई, जुनी चालेल, पण १२५ घ्या. चढावर १०० चा दम निघतो. माझ्या १२५ ला अठरा वर्षं झाली, इंजिन अजून उघडलेलं नाही.

हवा_कमी
बजेट त्यांनी १०० चं लिहिलंय. तुम्ही वाचलंत का?

क्लचवायर
गाडीचं नंतर बघा. मोकळं मैदान, सपाट जमीन. इंजिन चालू, पहिला गिअर, ॲक्सिलरेटर पिळायचा नाही. क्लच अगदी सावकाश सोडत जा. एका जागी इंजिनचा आवाज बसतो आणि गाडी नाक पुढे काढते. तिथेच थांबा, परत दाबा. असं पन्नास वेळा. हाताला ती जागा कळली की गचके कमी होतात. मग हाफ क्लचवर, मागच्या ब्रेकवर किंचित पाय ठेवून, चालण्याच्या वेगाने आठ काढायला घ्या. पळवता कुणालाही येते, हळू चालवताना कस लागतो.

निवृत्त_पण_सुसाट
आमच्या वेळी असली थेरं नव्हती. काकांनी बसवलं, ढकललं, आलो चालवत. एकच सांगतो, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. लावला की तोंडावर.

क्लचवायर
काका, हे ऐकूनच लोक वेळेवर थांबत नाहीत. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर जातो, त्यामुळे गाडी थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. मागचा एकटा करकचून दाबला तर चाक लॉक होतं आणि गाडी शेपूट हलवते. पुढचा झटक्यात आवळायचा नाही, ओला स्पंज पिळावा तसा दाबत न्यायचा. आधी २० च्या वेगावर, मग ३० वर सराव. हँडल वळलेलं असेल तेव्हा मात्र तुमचं खरं.

निवृत्त_पण_सुसाट
चाळीस वर्षं मागच्या ब्रेकवर काढली. गाडीला एक ओरखडा नाही.

किकमारके
काका, तुमच्या पुढच्या गाडीवाल्यांना विचारायला हवं.

सायलेन्सरचा_चटका
वळलेल्या हँडलचा किस्सा माझाच घ्या. यू-टर्न घेत होते, वेग जवळजवळ शून्य. समोर कुत्रं आलं, मी पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी म्हशीसारखी उजवीकडे बसली. ब्रेकची लेव्हर मुळापासून गेली. घाईत उचलायला वाकले तर पोटरीला सायलेन्सर. डाग अजून आहे.

तेव्हापासून लेव्हरच्या पकडीचे बोल्ट हाताने फिरणार नाही इतपतच आवळते. गाडी पडली तर लेव्हर फिरते, मोडत नाही. आणि गाडी उचलायची असेल तर इंजिन बंद, गिअरमध्ये टाका, पाठ सीटला लावा आणि पायांच्या जोरावर मागे सरकत उठवा. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवा, नाहीतर उभी होते आणि पलीकडे आडवी.

हवा_कमी
म्हणून म्हणतोय एबीएस घ्या.

सायलेन्सरचा_चटका
शून्य वेगाला एबीएस काय करणार?

कवटी_महत्त्वाची
अवांतर: मोटरसायकलला एबीएस पहिल्यांदा १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के१०० वर आलं. आता मुद्द्याचं. हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं. पट्टा लावून डोकं हलवा, गाल हेल्मेटबरोबर हलले पाहिजेत. मागून वर ढकललं तर निघता कामा नये. कुणाचं वापरलेलं घेऊ नका, एकदा आपटलं असेल तर आतला थर्मोकोल दबलेला असतो आणि बाहेरून काही कळत नाही.

आणि नवऱ्याकडून शिकू नका. १९८१ च्या हर्ट अहवालात, म्हणजे अमेरिकेतल्या एका अभ्यासात, लॉस एंजेलिस परिसरातले मोटरसायकलचे ९०० अपघात तपासले होते. त्यातले ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले.

किकमारके
त्या काळी अपघात न झालेलेही घरीच शिकले असतील की! नुसत्या आकड्यावरून काय ठरवायचं?

कवटी_महत्त्वाची
तुम्ही कुणाकडे शिकलात?

किकमारके
मेव्हण्याकडे. पण तो ओरडायचा नाही.

डबलसीट
सगळं वाचलं. १२५ च घ्या. आणि खड्ड्याकडे बघू नका, बघाल तिकडे गाडी जाते. कुणी सांगितलं असेल तर दुर्लक्ष करा.

उशिरा_सुचलेली
सगळ्यांचे आभार. आता शिव्या घाला. दिरांची ३५० सीसी दोन वर्षं धूळ खात पडली होती, ती फुकट मिळाली. वजन १९० किलो, पाय चवड्यांवर जेमतेम टेकतात. वाचलेले पैसे हेल्मेट, हातमोजे आणि पैसे घेऊन शिकवणाऱ्या बाईंसाठी. नवऱ्याला रजा दिली. सकाळी मैदानात क्लचचे पन्नास केले, त्यात एकोणीस वेळा बंद पडली.

क्लचवायर
अहो, १९० किलोवर कुणी शिकतं का! निदान टायर बघा. बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. रबर कडक होऊन भेगा पडल्या असतील तर बदलल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका.

उशिरा_सुचलेली
बघून आले. १४१५ आहे. दोन्ही बदलते.

निवृत्त_पण_सुसाट
३५० छान. पुढचा ब्रेक लावू नका.

सायलेन्सरचा_चटका
पडली का नाही अजून?

उशिरा_सुचलेली
पडली. विसाव्या वेळी बंद पडली तेव्हा पाय पुरला नाही. लेव्हर फिरली, मोडली नाही. बोल्ट काल रात्रीच सैल केले होते.