मदत हवी आहे : अमेरिकी लेखक-दिग्दर्शक जॉन ह्यूज यांच्या दोन शाळकरी चित्रपटांची तुलना

नमस्कार. ‘द ब्रेकफास्ट क्लब’ (१९८५) आणि ‘फेरिस ब्युलर्स डे ऑफ’ (१९८६) यांवर लेख लिहिताना मी एका मुद्द्यावर अडलो आहे. दुसऱ्या चित्रपटात शाळा बुडवून शिकागोत फिरणारा फेरिसचा मित्र कॅमेरॉन कलासंग्रहालयात सेरा या फ्रेंच चित्रकाराच्या, ठिपक्यांनी रंगवलेल्या चित्रातील लहान मुलीकडे टक लावून पाहतो आणि तिचा चेहरा जवळ येत येत नुसते रंगाचे ठिपके उरतात, तेव्हा त्याचे एकटेपण संवादाविना कळते. पहिल्या चित्रपटात मात्र शनिवारी शिक्षा भोगणारी पाच मुले तेच दुःख ग्रंथालयात जमिनीवर बसून बोलून दाखवतात. मला कॅमेरॉन अधिक जवळचा वाटतो. यांपैकी कोणती मांडणी आज अधिक भिडते, आणि ह्यूज यांनी केवळ लिहिलेला ‘प्रिटी इन पिंक’ हा चित्रपट या तुलनेत घ्यावा का, हे जाणकारांनी कृपया सकारण सांगावे.