आयसीयूमधल्या दिवसांबद्दल लिहायचंय, पण माझ्या आठवणीच खऱ्या नाहीत

निशिगंध:
मला सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयवच निकामी व्हायला लागतात तो आजार) झाला होता, व्हेंटिलेटरवर होते. घरी येऊन बरेच महिने झालेत, चालते फिरते, रिपोर्टपण ठीक आहेत, पण डोकं अजून तिथंच अडकलंय. म्हणून सगळं आजारपण सलग लिहून काढायचं ठरवलंय, जमलं तर पुस्तकाएवढं. अडचण अशी की मला जे आठवतं ते घडलेलंच नाही. मला अगदी पक्कं आठवतंय की नर्स मला हात बांधून बोटीतून कुठंतरी नेत होत्या आणि नवरा काठावर उभा राहून कागदांवर सह्या करत होता, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. घरचे म्हणतात असं काही नव्हतं, विसर आता. मग हे लिहायचं का गाळायचं? आणि लिहायला बसलं की त्या रात्री झोप उडते, तर हा नाद सोडून द्यावा का?

रातपाळी:
मी आयसीयूत नर्स आहे. गाळू नका प्लीज. याला डिलिरियम म्हणतात, म्हणजे आजारपणात मेंदू गोंधळून भास होणं, व्हेंटिलेटरवरच्या खूप पेशंटना होतो, आणि त्यातल्या आठवणी खऱ्या आठवणींपेक्षा ठळक राहतात. पेशंटने नळी ओढू नये म्हणून कधीकधी हात खरंच बांधावे लागतात. बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून एअर मॅट्रेस असते, ती आळीपाळीने फुगते आणि बसते, म्हणजे अंगाखाली हलत राहते. सह्यांचं तर काय, नातेवाईकांना कन्सेंटवर सह्या कराव्याच लागतात. तुमची बोट बहुतेक यातूनच तयार झाली असेल. केस पेपरची कॉपी मागून घ्या आणि त्यातल्या तारखा तुमच्या आठवणींशेजारी मांडा. काही देशांत नर्स आणि घरचे मिळून पेशंटसाठी रोजची डायरी लिहितात आणि नंतर त्याला देतात. युरोपातल्या ६ देशांत याचा अभ्यास झाला, २०१० साली छापून आला. ज्यांना डायरी लवकर मिळाली त्यांच्यात नव्याने पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) झालेले ५ टक्के होते आणि ज्यांना ती उशिरा दिली त्यांच्यात १३ टक्के. तुम्हाला कोणी डायरी दिली नाही तर आता मागे जाऊन तुम्हीच ती करताय असं समजा.

केमोनंतर:
झोपेबद्दल सांगते कारण माझं पण तेच व्हायचं. लिहिलं की लगेच हलकं वाटतं हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नसतं. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये विद्यार्थ्यांकडून सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं त्यांच्या सगळ्यात वाईट अनुभवाबद्दल लिहून घेतलं होतं, तर लिहिल्या लिहिल्या त्यांचा मूड उलट खालीच गेला, फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत. म्हणून घड्याळ लावून थोडंच लिहा आणि रात्री अजिबात नको, सकाळी लिहा. आणि पहिल्या दिवसापासून क्रमाने लिहायचा हट्ट सोडा, मी निदानाचा दिवस सगळ्यात शेवटी लिहिला, आधी लिहिलं ते पहिल्यांदा एकटीने जिना चढले त्याबद्दल. पण दिवसासुद्धा तेच डोळ्यासमोर येत असेल, श्वास कोंडत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि आधी काउन्सेलरकडे जा, लिखाण कुठं पळून जात नाही.

बाहेरचा_बाक:
मी दुसऱ्या बाजूचा, माझी बायको आत होती आणि मी बाहेर बसलेलो. घरचे 'विसर' म्हणतात ना, ते तुमच्यासाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त, निदान माझं तरी तसंच होतं, तिने विचारलं की मी विषय बदलायचो. शेवटी तिने मला माझं वेगळं लिहायला लावलं. सह्या करताना मी तिच्याकडे का बघू शकत नव्हतो ते मला तोंडाने सांगता आलंच नसतं, कागदावर आलं. तुमच्या मिस्टरांना विचारून बघा, आणि दोन्ही लिखाणं जुळवत बसू नका, तशीच शेजारी शेजारी ठेवा.

निशिगंध:
एअर मॅट्रेसचं वाचून रडूच आलं, इतके दिवस मला कोणी हे सांगितलंच नव्हतं. बोट राहणार, नक्की. केस पेपर मागायला नवऱ्यालाच सोबत घेऊन जाते म्हणजे तारखा बघता बघता तोही बोलेल कदाचित. रातपाळी, डिस्चार्ज समरी आहे माझ्याकडे, पण रोजच्या नर्सिंग नोट्स पेशंटला मिळतात का, आणि मागताना नक्की काय म्हणायचं?