नवा कण न सापडताही: न्यूट्रॉनचा मार्ग

"एलएचसीत (सर्नच्या महाकाय कण-टकराव यंत्रात) नवा कण दिसल्याशिवाय द्रव्य-प्रतिद्रव्याचं कोडं, म्हणजे विश्वात प्रतिद्रव्य जवळपास नाही आणि द्रव्यच का उरलं हे, सुटणार नाही" असं एक मत आहे; ते मला पटत नाही. न्यूट्रॉनला विद्युत द्विध्रुव आघूर्ण आहे का, म्हणजे त्याच्या आतले धन आणि ऋण भार किंचित एकमेकांपासून सरकलेले आहेत का, हा शोध त्याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडतो. ते शून्य नसेल तर सीपी सममिती (कणाऐवजी प्रतिकण घेऊन आरशातलं प्रतिबिंब पाहिलं तरी नियम तेच राहणं) मोडते, आणि द्रव्य शिल्लक राहायला नेमकं तेच लागतं. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटने 2020 साली दिलेली या आघूर्णाची कमाल मर्यादा 1.8 × 10⁻²⁶ इलेक्ट्रॉनभार-सेंमी आहे. स्टँडर्ड मॉडेलचं (कणांच्या सध्याच्या प्रस्थापित सिद्धांताचं) भाकीत याच्या लाखपटीहूनही लहान, म्हणजे मधली सगळी जागा नव्या भौतिकीला मोकळी.

खरी अडचण चुंबकीय क्षेत्राची. अतिशीत, म्हणजे अतिशय मंद न्यूट्रॉन डब्यात कोंडून, 1 मायक्रोटेस्ला चुंबकीय क्षेत्रात 180 सेकंद त्यांची स्पिन (कणाच्या अंगभूत फिरकीची दिशा) भोवऱ्याच्या अक्षासारखी फिरू देतात; वारंवारता साधारण 30 हर्ट्झ. सेंटिमीटरला 11 किलोव्होल्टचं विद्युत क्षेत्र उलटवल्यावर ती किती बदलते, ते पाहायचं. त्या कमाल मर्यादेइतकं आघूर्ण असलं तरी हा फरक जेमतेम 0.2 मायक्रोहर्ट्झ! विद्युत क्षेत्र उलटवताना चुंबकीय क्षेत्र 7 फेम्टोटेस्लाने (फेम्टो म्हणजे 10⁻¹⁵) बदललं तरी तेवढाच खोटा सिग्नल मिळतो. म्हणून त्याच डब्यात पारा-199 (पाऱ्याचा एक समस्थानिक) ची वाफ सोडून चुंबकीय क्षेत्र मोजत राहतात. पण न्यूट्रॉन इतके मंद की गुरुत्वाकर्षणाने त्यांचा मध्य काही मिलिमीटर खाली बसतो, पारा मात्र डबाभर सारखा पसरतो. त्यामुळे दोघांना जाणवणारं सरासरी क्षेत्र वेगळं पडतं, आणि चुंबकीय क्षेत्राचा उभा चढउतार वेगळा मोजावाच लागतो. शिवाय त्याच चढउतारामुळे वेगवान पाऱ्यात स्वतःचं खोटं आघूर्ण उमटतं, तेही वजा करावं लागतं.