आईला बोटीतून मालवण दिसेल का?

प्रश्न: पावसची_लेक
आईचं (वय ७६) माहेर मालवण. लहानपणी ती भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनेच गावी जायची. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, मग पडावात, म्हणजे होडीत, उतरायचं, हे मी शंभरदा ऐकलंय. डिसेंबरात मुंबई-लक्षद्वीप क्रूझ ठरवतेय. आईची एकच अट: मालवण समुद्रातून दाखव. खोली कुठल्या बाजूची घेऊ? मधला अख्खा दिवस नुसतं पाणी, कंटाळेल का? एसटीत तिला गाडी लागते, म्हणून बोटीचीही धास्ती आहे.

खारा_वारा
ताई, ३१ वर्षं मालवाहू बोटीवर काढली, म्हणून स्पष्ट सांगतो: लक्षद्वीपच्या बोटीतून मालवण दिसायचं नाही, खोली कुठलीही घ्या. आपला किनारा खाली जाताना पूर्वेकडे वळतो. मालवण मुंबईपेक्षा जवळजवळ ७० किलोमीटर पूर्वेला आहे आणि लक्षद्वीप थोडं पश्चिमेला. म्हणजे बोट किनाऱ्यापासून लांबच लांब जाते. ३० मीटर उंच डेकवरूनही क्षितिज २० किलोमीटरच.

गोव्याची फेरी बघा. १६ नॉटने, म्हणजे ताशी साधारण ३० किलोमीटरने, संध्याकाळी पाचला निघालात तर मालवणसमोर पहाटे चार. गाढ झोपेची वेळ. त्यापेक्षा परतीला उजव्या बाजूला बसा. गोव्याहून पाचला सुटलात तर आधी वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरचं दीपगृह लुकलुकताना दिसेल आणि साडेसातच्या आसपास मालवण येईल. किल्ला अंधारात कळायचा नाही. गावाचे दिवे मात्र दिसतील, तेही बोट किनाऱ्याच्या किती जवळून जाते त्यावर. बुकिंगआधी वेळ विचारून घ्या.

बोट लागण्याचं म्हणाल तर डिसेंबरात समुद्र शांत असतो. खोली मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, वरची टोकाची नको. तिथे डोल जास्त. ॲव्होमिन डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी द्या. उलट्या सुरू झाल्यावर देऊन काय उपयोग!

सोलकढी_प्रेमी
आमच्या सासूबाई लक्षद्वीपला आल्या होत्या. मधल्या दिवशी पहाटे साडेपाचला चहा घेऊन डेकवर, दुपारी खोलीत, संध्याकाळी परत डेकवर. कंटाळल्या नाहीत, पण पोहण्याच्या तलावापाशी दिवसभर गाणी ठणठणत होती, त्याने वैतागल्या. मागच्या बाजूचा डेक शोधा, तिथे गर्दी कमी. आणि फोन विमान मोडवर ठेवा. बोटीचं नेटवर्क आपोआप लागलं आणि बिल बघून ह्यांना बोट न लागता चक्कर आली. आवळासुपारी मी नेली होती, सासूबाईंनी शेजारच्या खोलीत वाटून संपवली.

पावसची_लेक
खारा_वारा काका, धन्यवाद. गोव्याचीच घेते. आईला सांगितलं तर पहिला प्रश्न, "गोव्याला पडावात उतरायचं की थेट धक्क्यावर?" धक्क्यावर म्हटल्यावर जरा हिरमुसली.