तिरकस गुणाकार सातवीच्या वर्गातून हद्दपार करावा का?

खडूफळा:
सहा मजूर एक विहीर १२ दिवसांत खणतात, तर आठ मजूर किती दिवसांत खणतील? क्लास लावलेल्या मुलांना हे गणित घालून बघा. बरीचशी ६ खाली ८, १२ खाली क्ष मांडतात, तिरकस गुणतात आणि १६ उत्तर काढून मोकळी होतात. माणसं वाढली आणि दिवसही वाढले, याचं कुणाला काही वाटत नाही.

सातवीत समप्रमाण-व्यस्तप्रमाण नीट पचेपर्यंत तिरकस गुणाकार शिकवूच नये, असं माझं मत. सहावीत एकमान पद्धत (आधी एकाचं काढायचं) येते, ती पुरे. 'एकट्या मजुराला ७२ दिवस लागतील' हे वाक्य पोराने तोंडाने म्हटलं की पुढचा भागाकार त्याला सांगावा लागत नाही. तिरकस गुणाकारात नुसते आकडे उरतात. ते दिवस की माणसं, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

शिकवणीवाला:
साफ असहमत. शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरात ७५ प्रश्न, वेळ ९० मिनिटं. प्रश्नामागे ७२ सेकंद आले (घ्या, हाही दरच!). त्यात तुमची तोंडी वाक्यं कधी म्हणायची?

आणि एकमान म्हणजे काही रामबाण नव्हे. ७ पेनं ४५ रुपयांना, तर २१ पेनं कितीला? एकमानवाला पोरगा ४५ भागिले ७ करत बसतो, ६.४२ वर येऊन अडकतो, मग ते २१ ने गुणून १३४.८२ लिहितो. तिरकस गुणणारा ४५ × २१ भागिले ७ लिहितो, सात त्रिक एकवीस काटतो, १३५ सांगून पुढच्या प्रश्नावर जातो.

खडूफळा:
२१ म्हणजे ७ ची तिप्पट, म्हणून पैसेही तिप्पट. हे ज्याला दिसलं त्याने तिरकस गुणाकार केलेलाच नाही! असं पटीत बघायला माझी ना कधीच नव्हती.

जुनीपोथी:
दोघेही त्रैराशिक विसरलात, म्हणजे तीन आकड्यांवरून चौथा काढायची जुनी रीत. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये नियम दिलाय: फळाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा (वरच्या गणितात ७ पेनं हे प्रमाण, ४५ रुपये हे फळ, २१ पेनं ही इच्छा). म्हणजे पाठ करायचं सूत्रच, त्यामुळे 'सूत्र आलं की समज गेली' हे मला पटत नाही. पण भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) मांडणीही सांगितली आहे. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीचे, ते दोन टोकांना. फळ वेगळ्या जातीचं, ते मधे. म्हणजे कशाचा आकडा कुठे, हे ठरवल्याशिवाय पाटीवर काही लिहिताच येत नाही. इच्छा वाढल्यावर जिथे फळ घटतं, तिथे व्यस्त त्रैराशिक, ते निराळं. आपल्या क्लासांनी गुणाकार उचलला आणि मांडणी टाकून दिली.

शिकवणीवाला:
मांडणीला मार्क नसतात, साहेब. गोल काळा करायचा असतो.

वॉर्डातली:
गोल चुकला तर दोन मार्क जातात. आमच्याकडचं गणित सांगते. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा, म्हणजे १ मिलीला २० थेंब. ५०० × २० = १०,००० थेंब, ४ तासांची २४० मिनिटं, मिनिटाला साधारण ४२ थेंब. सूत्र पाठ असतं आणि असायलाच हवं, रात्रपाळीत एकमान कोण करत बसणार? पण हातात ६० थेंबांचा मायक्रो सेट आला आणि सवयीने २० धरले, तरी उत्तर ४२ च येतं. तसं लावलं तर चार तासांत संपायची बाटली बारा तास चालेल. म्हणून नवीन मुलींना मी प्रत्येक आकड्यापुढे मिली, थेंब, मिनिट लिहायला लावते. एकमान, तिरकस, काय हवं ते करा, एककं खोडू नका.

खडूफळा:
+१. हेच म्हणत होतो.

शिकवणीवाला:
तुम्ही तिरकस गुणाकार बंद करायला सांगत होतात. ताई सूत्र पाठ हवं म्हणताहेत. धागा वर जाऊन वाचा.

घमेलं:
थोडं अवांतर. १:२:४ काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी. साइटवर हे मोजतात घमेल्याने, म्हणजे आकारमानाने. आता ओलसर वाळू फुगते, पाव हिश्श्यापर्यंत सहज. घमेली बरोबर दोन पडली तरी आत वाळू कमी. माझ्या पोराच्या पुस्तकात 'मिश्रणाचे गुणोत्तर' आहे, पण वजनाचं की मापाचं ते विचारायची सोयच नाही. पद्धतीवरून भांडण्याआधी हे बघा की.

निवृत्त मास्तर:
चर्चा वाचतोय. एक प्रश्न, सगळ्यांना. तीन शर्ट उन्हात वाळायला दोन तास लागतात. सहा शर्टांना किती?

शिकवणीवाला:
दोनच तास. मास्तर, हे आमची मुलंही सांगतील, एवढी काही ती ही नाहीत.

वॉर्डातली:
आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीत एका वेळी तीनच शर्ट मावतात. चार तास.